दर शनिवारी, त्याच वर्गात

आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीच्या तुकड्यांनी जोडून एक त्रिकोण आणि एक चौकोन केला, व बोटाने दाबताच चौकोन कलतो, त्रिकोण मात्र तसूभरही हलत नाही, हे ज्या बालकाने स्वहस्ते अनुभवले, त्याला शाळेच्या पत्र्याखालची कैची त्रिकोणांचीच का असते हे निराळे सांगावे लागत नाही. कललेल्या चौकोनात तिरपी पाचवी काडी घालावी, असे तोच आपण होऊन म्हणतो. ही खेळणी घडविणारे अरविंद गुप्ता तेव्हा पुण्याच्या टेल्को कारखान्यात अभियंते होते. १९७८ साली रजा काढून ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तेथे १९७२ साली सोळा शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, प्रयोगाधिष्ठित विज्ञानशिक्षणाचा जो उपक्रम सुरू झाला होता, त्यास दिल्ली विद्यापीठाच्या अध्यापकांनी व संशोधक विद्यार्थ्यांनी हात दिला होता, आणि विच्छेदनाच्या सुईचे काम तेथे बाभळीचा काटा करी. २००२ साली सरकारी हुकमाने तो उपक्रम बंद झाला, याची हळहळ मला अजून वाटते.

शाळकरी मुलांच्या हाती असे प्रयोग देण्याचे कार्य आपल्या महाविद्यालयांनी पत्करावे; त्यासाठी नव्या खात्याची गरज नाही. १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाला वर्षाकाठी १२० तास सेवेसाठी द्यावे लागतात. त्यांतील निम्मे तरी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत, तिसरी-चौथीच्या मुलांसमवेत, दर शनिवारी, वर्गशिक्षकांच्या संमतीने व सोबतीने वेचावेत, अशी तजवीज विद्यापीठांनी करावी. वर्षातून एकदा येऊन रंग बदलणारी द्रावणे दाखवून जाणे, याला मी शिक्षण म्हणत नाही. टाळ्या पडतात, पण साहित्य पाहुण्याच्याच हाती राहते.

महाविद्यालयीन तरुणाला सर्वांत अवघड जाते ते उत्तर न सांगणे. सालीसकट तरंगणारे संत्रे सोलल्यावर तळाशी गेलेले पाहून एखादी मुलगी "दादा, हलकं झालं तरी बुडलं कसं?" असे विचारते, तेव्हा घनतेची व्याख्या त्याच्या ओठांवर आलेली असते, ती त्याने आवरावी, आणि "लिंबाचं काय होईल?" एवढेच विचारून थांबावे. पुढच्या शनिवारी ती दप्तरात लिंबू घालून येईल, तेव्हा हा दादा त्याच वर्गात हजर असला पाहिजे.