रोप नको, बी द्या



जुलै आला की शाळांत वृक्षारोपण. २०१९ ला राज्याने ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. आकडा मोठा, पण पोरांच्या वाट्याला काय? तयार खड्डा, तयार रोप आणि एक फोटो. यातून पोरगं काय शिकणार?

माझं मत, पोरांना बी द्या. जांभळाचं बी सुकलं की वाया; ताजं असतानाच पिशवीत टोचायचं. बेहड्याचं कवच टणक, आधी भिजत घालायचं. हाताने केलेलं पोर विसरत नाही.

दुसरं, आपल्या महाड-पोलादपूरच्या डोंगरात ऐन, किंजळ तोडला तरी बुंध्याला धुमारे फुटतात. त्यांना मारतो वणवा. गवत वाळलं की मोठ्यांनी पोरांना सोबत घेऊन रोपांभोवती, धुमाऱ्यांभोवती जाळरेषा काढावी.

२२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड कोसळली. झाडं लावली की दरड थांबेल, असं मी म्हणत नाही. पण वर्षभर डोंगरावर वावरलेल्या पोराला जमिनीची नवी भेग लवकर दिसते.

म्हणून मोजणी जुलैत नको, मे महिन्यात करा. लावली किती ते सोडा, जगली किती ते फळ्यावर लिहा.

तुमच्या गावच्या शाळेत काय करतात?