गौरव खुर्चीचा की कर्तृत्वाचा?

मंत्र्यांच्या पत्नींच्या खंबीरपणाचे आणि स्वतंत्र बाण्याचे गोडवे गाण्याची प्रथा आपल्या सार्वजनिक जीवनात चांगलीच रुजली आहे. मंत्रिमहोदयांचा दौरा निघाला की सपत्नीक सत्कार ठरलेलाच. साडीचोळी होते, श्रीफळ होते, आणि साहेबांच्या यशामागे वहिनीसाहेबांची शक्ती कशी उभी आहे हे कोणीतरी कंठरवाने सांगतो. वाशिम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांना हे दृश्य नवे नाही. वरकरणी हा स्त्रीचा सन्मान दिसतो. वस्तुतः तो खुर्चीचा सन्मान असतो. कारण खुर्ची गेली की वहिनीसाहेबांच्या खंबीरपणाची आठवण काढणाराही कोणी उरत नाही.

याचा अर्थ मंत्र्यांच्या घरात कर्तबगार स्त्रिया झाल्याच नाहीत, असा मुळीच नाही. वाशिम जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या पुसद तालुक्यातील वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी सुमारे अकरा वर्षे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवीला जाणाऱ्या बंजारा समाजाला त्यांचे नाव आजही आपल्या घरचे वाटते. त्यांच्या पत्नी वत्सलाबाई या नागपूरच्या घाटे कुटुंबातील. १९४१ साली या ब्राह्मण मुलीने तांड्यातून आलेल्या एका बंजारा वकिलाशी विवाह केला. त्या काळच्या वऱ्हाडात ही गोष्ट सोपी नव्हती. त्या वेळी ना मंत्रिपद होते, ना बंगला, ना पुढे-मागे धावणारे अधिकारी. वत्सलाबाईंच्या धैर्याची कसोटी लागली ती या निर्णयात, 'वर्षा' बंगल्याच्या दिवाणखान्यात नव्हे. त्यांना मुख्यमंत्र्यांची पत्नी म्हणून थोर ठरवणारे लोक त्यांच्या आयुष्यातील सर्वांत तेजस्वी कृतीच झाकून टाकतात.

वेणूताई चव्हाणांचेही तेच. १९४२ साली त्यांचा यशवंतरावांशी विवाह झाला आणि वर्षही उलटण्यापूर्वी त्यांना परकीय सरकारच्या तुरुंगात जावे लागले. प्रमिलाताई दंडवते यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले. पण प्रमिलाताई १९६८ मध्येच मुंबई महापालिकेत निवडून आल्या होत्या. आणीबाणीत पती बंगळूरच्या तुरुंगात असताना त्यांनी स्वतः येरवड्याचा कारावास भोगला. १९८० साली त्या लोकसभेवर गेल्या त्या स्वतःच्या सार्वजनिक कार्याच्या बळावर. त्यांना मंत्र्याची पत्नी म्हणणे खोटे नाही, परंतु अपुरे निश्चितच आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, पती लोकांच्या कामात गुंतला असता घर, मुले, आले-गेले सांभाळणारी स्त्रीही मोठीच असते. तिचे कौतुक का करू नये? अवश्य करावे. मात्र मग ते बंगल्याच्या फाटकापाशी का थांबते? पती ऊसतोडीला गेला असता मागे म्हातारी माणसे आणि चार एकर कोरडवाहू सांभाळणाऱ्या बाईला कोणत्या व्यासपीठावर बोलावले जाते? कष्ट तेच, एकाकीपण तेच. फरक एवढाच की तिच्या नवऱ्याच्या सहीने कोणाची बदली होत नाही.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील हजारो स्त्रिया सरकारी कामांवर खडी फोडत होत्या. त्याच वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांनी महागाईविरुद्ध संयुक्त महिला समिती उभारली आणि लाटणी घेतलेल्या बायका नाईक सरकारला जाब विचारण्यासाठी रस्त्यावर आल्या. स्त्रीच्या स्वतंत्र बाण्याचे दर्शन घडले ते या मोर्च्यांत! सत्तेच्या सावलीत उभे राहण्याला नव्हे, तर सत्तेसमोर ताठ उभे राहण्याला स्वातंत्र्य म्हणतात.

या स्तुतीचे दुष्परिणाम खेड्यापर्यंत पोचले आहेत. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीत स्त्रियांना एकतृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्यावर नेल्या. पण 'पतीच्या मागे उभी असलेली' हीच आदर्श स्त्री ठरवल्यावर, निवडून आलेली सरपंचबाई घरात आणि खुर्चीवर तिचा नवरा, असेच चित्र दिसणार! लोकांनीही त्याला 'सरपंचपती' असे बिनदिक्कत नाव देऊन टाकले आहे. मंत्रिपत्नीची खोटी पूजा आणि सरपंचबाईची खरी उपेक्षा ही एकाच नाण्याची दोन अंगे होत.

केंद्र सरकारने २०१८ साली आकांक्षित, म्हणजे सरळ भाषेत मागासलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत वाशिमचे नाव घातले. त्याच जिल्ह्यातील एका बाईने घरी शौचालय बांधण्यासाठी मंगळसूत्र विकल्याची बातमी २०१५ साली साऱ्या राज्याने वाचली. सौभाग्याचे लेणे मोडून तिने स्वतःची अब्रू राखली. तिचाही तेव्हा सत्कार झाला. पण मंगळसूत्र विकण्याची पाळी तिच्यावर का आली, हा प्रश्न हारांच्या ढिगाखाली दबला.

तेव्हा कौतुकच करायचे असेल तर साधी कसोटी लावावी. पतीचे पद क्षणभर बाजूला ठेवावे आणि उरते काय ते पाहावे. वत्सलाबाई, वेणूताई, प्रमिलाताई या कसोटीला उतरतात. व्यासपीठावरील बाकीच्यांनाही ती संधी द्यावी; त्यांना साडीचोळी नको, बोलण्यासाठी ध्वनिक्षेपक द्यावा. आणि गावच्या सरपंचबाईला तिची खुर्ची द्यावी.