देवाला पहारेकरी कशाला?

माउली, वारीला निघा म्हणून आपल्याला कोणी हुकूम धाडत नाही. पेरणी उरकून माणूस आपल्या पायांनी निघतो, म्हणून त्या चालण्याला मोल आहे. मागे शिपाई काठी घेऊन असता, तर तीच वारी वेठबिगार झाली असती. ही साधी गोष्ट सौदी अरेबियाच्या राजसत्तेला उमगली नाही.

तिथल्या रैफ बदावी नावाच्या तरुणाने २००८ साली एक संकेतस्थळ काढले. धर्मपंडितांच्या अधिकाराविषयी आणि लोकांच्या आचारावर पहारा ठेवणाऱ्या सरकारी धर्मपोलिसांविषयी त्यावर टीका येई. २०१२ मध्ये त्याला पकडले. आरोप धर्माच्या अपमानाचा. २०१४ मध्ये शिक्षा झाली ती १० वर्षे तुरुंग, १००० फटके आणि १० लाख रियाल दंड. ९ जानेवारी २०१५ रोजी जेद्दा शहरात, शुक्रवारची नमाज आटोपल्यावर, मशिदीसमोर लोकांदेखत पहिले ५० फटके मारले. जगभर ओरड झाली, पुढचे फटके थांबले. तुरुंग मात्र थांबला नाही. त्याच्या वकिलालाही कोठडी मिळाली. पत्नीने तीन लेकरांसह कॅनडात आसरा घेतला. मार्च २०२२ मध्ये तो सुटला, तो देश सोडण्याची १० वर्षांची बंदी घेऊनच.

आता हे पाहा. २०१६ मध्ये त्याच सरकारने धर्मपोलिसांचा अटकेचा अधिकार काढून घेतला. सुधारणा सरकारने केली की ती राजनीती, आणि प्रजेतल्या कोणी आधी बोलून दाखवले की तो धर्मद्रोह! मग अपमान देवाचा झाला होता की सिंहासनाचा?

कोणी म्हणेल, तो त्यांच्या धर्माचा मामला, आपल्याला काय त्याचे? या समाधानावरच माझा आक्षेप आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारे परके नव्हते. ज्ञानोबा आणि त्यांच्या भावंडांना वाळीत टाकणारे, चोखोबांना देवळाबाहेर ठेवणारेही परके नव्हते. आम्ही धर्म राखतो, असेच तेही म्हणत होते. आज पालखी कोणाची निघते, ते तुम्ही जाणता.

दुसरा विचारील, मग देवाधर्माविषयी कोणी काहीही बोलावे काय? बोलणे खोटे असेल तर खोडून काढा. प्रमाणाला प्रमाणाने उत्तर देतात, बेडीने नव्हे. ज्याच्यापाशी उत्तर नसते, त्यालाच बेडी सुचते.

आपला विठोबा कमरेवर हात ठेवून उभा आहे. त्याने काठी उगारली नाही, पहारेकरीही मागितला नाही. देवाच्या नावाने माणसाला कोंडणारे राज्य कोणत्याही धर्माचे असो, माळकऱ्याने त्याची री ओढू नये. दूर देशी कोंडलेल्या माणसाची बाजू घेतल्याने आपली माळ बाटत नाही.