हमीरसरची माया, मुलुंडचं मिठागर

भुजचा हमीरसर तलाव भरून वाहू लागला की शहराला सुट्टी जाहीर होते. नगराध्यक्ष वाजतगाजत काठावर जाऊन पाण्याची पूजा करतात, नारळ सोडतात, मेघलाडू वाटले जातात. संस्थानाच्या काळापासूनची ही रीत आजही पाळली जाते, आणि तिची बातमी बघता बघता मुलुंड-घाटकोपरच्या कच्छी घराघरांत पोचते. आमच्या शेजारच्या मासी फोन हातात घेऊनच दारात येतात. “ताई, हमीरसर ओगनलं! बघा, पायऱ्या दिसतच नाहीत.” बाहेर मुलुंडला चार दिवसांची झड लागलेली असते, गाड्या रखडलेल्या असतात, घरात दोरीवर टाकलेल्या कपड्यांना कुबट वास येत असतो. तरी यंदा पाऊस झाला असं मासींना आणि मला वाटतं, ते त्या फोटोतल्या पाण्याकडे पाहून.

माझी शाळेची वर्षं वडिलांच्या नोकरीमुळे भुजमध्ये गेली. पुढे घर मुलुंडला झालं, पर्यावरणावर लिहिणं हे काम झालं, पण त्या शहराची ओढ सुटली नाही. ही ओढ माझ्या एकटीची असती तर तिच्यावर जाहीर लिहायचं कारण नव्हतं. संध्याकाळी बोरिवली स्थानकात कच्छ एक्स्प्रेसच्या वेळेला जी गर्दी उभी असते, तिच्यातल्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाचं एक घर इथे आणि एक मन तिथे असतं. जून-जुलैत परतीच्या गाडीतून ताज्या खारकांची खोकी उतरतात, आणि त्याच गाड्यांतून वर्षानुवर्षं इथला पैसा तिकडे जात आला आहे. देवळं, पांजरपोळ, गावाच्या वेशीवरची कमान, शाळेची इमारत अशा कितीतरी गोष्टींवर मुंबईकर दात्यांची नावं आहेत. शहर सोडून गेलेल्या माणसांचा त्या शहरावर एवढा हात असेल, तर त्यांच्या मायेने तिथल्या पाण्याचं आणि जमिनीचं भलं होतं की नुकसान, हे विचारायलाच हवं.

नुकसान होतं असं म्हणणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. ही माणसं मुळात भुज-मांडवी सोडून का आली? व्यापाराची ओढ होतीच, पण पाण्याचा तुटवडाही होता. विक्रम संवत १९५६ चा दुष्काळ कच्छी-गुजराती घरांत अजून ‘छपनियो’ या नावाने ओळखला जातो. इसवी सनाच्या हिशेबात ते १८९९-१९००. त्यानंतरही कोरड्या सालांनी माणसं हाकलली. आता त्यांच्या नातवंडांना तिथला काठोकाठ भरलेला तलाव आठवतो. त्याआधीची तीन कोरडी वर्षं, विहिरीवर पहाटेपासून लागलेली हंड्यांची रांग, कोणाला कुठल्या विहिरीवर पाणी भरायची मुभा नव्हती हे आठवत नाही. जो तिथे राहत नाही त्याला वाळवंट सुंदर दिसायला फार कष्ट पडत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. दूरच्या मायेला आपलं गाव हिरवं झालेलं बघायचं असतं. हिरवं म्हणजे चांगलं ही समजूत पावसाच्या मुलखात राहून आणखी पक्की होते. कच्छने या समजुतीची किंमत मोजलेली आहे. रणाचा खार पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या दशकात बन्नीच्या गवताळ प्रदेशात परदेशी बाभळीची मोठी लागवड झाली. तिला तिथे ‘गांडो बावळ’ म्हणतात, आपल्याकडची वेडी बाभूळ. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरच्या या कुरणांत ती अशी फोफावली की बन्नी म्हशी आणि कांकरेज गायी चारणाऱ्या मालधारींना गवत शोधत हिंडावं लागलं. लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. कोरड्या जमिनीवर त्यांचा विश्वास नव्हता, एवढंच.

तिसरी गोष्ट मराठी माणसाने तरी विसरू नये. भुजच्या नळाला आज नर्मदेचं पाणी येतं. कच्छ शाखा कालव्याचं उद्घाटन २८ ऑगस्ट २०२२ रोजी भुजमध्येच झालं. नर्मदा कच्छला पोचावी म्हणून मुंबईतल्या कच्छी घरांनीही दशकानुदशकं आस लावली होती आणि ते पाणी आलं तेव्हा इथे आनंद झाला. मलाही झाला. पण त्याच सरदार सरोवरात नंदुरबार जिल्ह्यातली मणिबेलीसारखी ३३ आदिवासी गावं बुडिताखाली आली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा झगडा एका पिढीहून अधिक काळ चालला. भुजवरचं माझं प्रेम अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या माणसाच्या घरावरून चालत गेलं, हे मला खोडता येत नाही. मात्र भुजच्या बाईने डोक्यावरचा हंडा उतरवूच नये असं मुलुंडच्या नळाखाली हात धुता धुता म्हणण्याचा अधिकारही मला नाही. या प्रश्नात दोन्ही बाजूंची माणसं खरी आहेत. धरणाचा हिशेब मांडताना एकीला गाळणं सोपं जातं, म्हणून ते वारंवार केलं गेलं.

आता दुसरी बाजू. तिच्यासाठी हमीरसर मुळात भरतो कसा, हे जरा नीट पाहावं लागेल.

सोळाव्या शतकात राव खेंगारजी पहिले यांनी भुजला राजधानी केलं आणि तलावाला वडील हमीरजींचं नाव दिलं. वर्षाला साधारण साडेतीनशे-चारशे मिलिमीटर पाऊस, तोही काही दिवसांत पडून जाणारा, मध्येच दोन-तीन वर्षं दडी मारणारा. सांताक्रूझला २६ जुलै २००५ या एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला, म्हणजे भुजचा दोन वर्षांहून अधिक पाऊस चोवीस तासांत. एवढ्या थोड्या पावसावर तलावाच्या आसपासचं पाणी त्याला पुरणारं नव्हतंच. म्हणून जाणत्या माणसांनी आजूबाजूच्या टेकड्यांवरून, बाजूच्या ओढ्यांच्या पाणलोटातून पाणी वळवून आणलं. त्यासाठी बांध घातले, चर खणले, आणि एका ठिकाणी तर ‘मोठा बंध’ नावाच्या बांधापासून तलावापर्यंतच्या वाटेत जमिनीखालून पाट काढून त्यावर ओळीने विहिरी बांधल्या. ती ‘चोवीस कुव्यांची आव’. आव म्हणजे पाणी येण्याची वाट, ओगन म्हणजे ते बाहेर पडण्याची. तलावात साठलेलं पाणी खालच्या वालुकाश्मात मुरायचं आणि शहराच्या विहिरींना वर्षभर पुरायचं. या खडकाला भूशास्त्रात ‘भुज वालुकाश्म’ असंच नाव आहे. काठावर दिसणारं पाणी हा या रचनेचा लहानसा भाग होता. खरा साठा लोकांच्या पायाखाली होता.

ही रचना आज कोणाच्या ध्यानात आहे? २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छ उद्ध्वस्त झालं. राज्यात तेरा हजारांहून अधिक माणसं गेली, भुजचं तटबंदीतलं जुनं शहर कोसळलं. त्यानंतर रुंद रस्ते, नव्या वसाहती, भराभर वाढलेली उपनगरं आली. ते सगळं गरजेचं होतं, पण या वाढीत पाण्याच्या वाटा कुठे बुजल्या, कुठे त्यांच्यावर भिंती चढल्या. नळाला नर्मदा आल्यावर आव साफ ठेवण्याची निकड उरली नाही. नव्या पिढीच्या लेखी हमीरसर म्हणजे संध्याकाळी फिरायची जागा. शहरातला दुसरा जुना तलाव, देशलसर, सांडपाणी आणि जलपर्णीने ग्रासला आहे. भुजमध्ये राहून या वाटा शोधणारी, मोजणारी माणसं आहेत; एरिड कम्युनिटीज अँड टेक्नॉलॉजीज ही संस्था भूजलाचं असं काम करते. पण शहराच्या आठवणीचा मोठा साठा शहराबाहेर राहतो. मुलुंडमधल्या ऐंशीच्या घरातल्या एखाद्या काकांना विचारा, कुठल्या टेकडीचं पाणी कुठल्या नाल्याने येत असे, कुठे गुडघाभर असायचं, कुठली विहीर गोडी आणि कुठली खारी, ते बोटावर मोजून सांगतील. भूकंपाआधीचं भुज त्यांच्या डोक्यात शाबूत आहे, कारण ते नंतरचं भुज बघायला तिथे नव्हते. दूर राहिल्याचा हा एक फायदा मला खरा वाटतो.

माया डोळस होऊ शकते याचे दाखले आहेत. सलीम अली मुंबईचे. महाराव विजयराजजींच्या आश्रयाने त्यांनी कच्छचे पक्षी पायाखाली मुलूख घालून पाहिले, नोंदले आणि १९४५ मध्ये ‘द बर्ड्‌स ऑफ कच्छ’ हे पुस्तक सिद्ध झालं. मोठ्या रणातली रोहित पक्ष्यांची वीण त्यांनी तिथे जाऊन पाहिली. अनुपम मिश्र वर्ध्यात जन्मले, दिल्लीत राहिले, आणि राजस्थानातल्या कुंड्या, टाकी, तलाव बांधणाऱ्यांकडून पाण्याचं शास्त्र समजून घेऊन १९९५ मध्ये ‘राजस्थान की रजत बूँदें’ लिहिलं. वाळवंट यांच्यापैकी कोणाचंच गाव नव्हतं. तरी त्यांचं प्रेम तिथे कामी आलं, कारण ते तपशिलात उतरलं. ज्यांचं ते गाव आहे त्यांनी निदान तेवढं तरी करावं.

तेव्हा माझा कौल मायेच्या बाजूने आहे. शहर सोडून गेलेल्याने त्याच्या पाण्याबद्दल बोलू नये, हे मला पटत नाही. पण बोलायला लागायचं तर तलावाच्या काठापासून लागू नये, आवेपासून लागावं. ओगनाच्या दिवशी फोटो पाठवणाऱ्या प्रत्येकाला आवेची अवस्था माहीत असली पाहिजे. आणि झाडं लावायची हौस असेल तर आधी मालधारींना विचारावं की इथे काय उगवावं.

याच मायेचा एक हिशेब मुलुंडलाही लागतो, आणि तो मला जास्त टोचतो. आमच्या घरापासून भांडुपचं जलशुद्धीकरण केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा दूरच्या धरणांतून येतं. त्याच धरणांजवळच्या शहापूर-मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव तर राष्ट्रीय उद्यानातच आहेत. ते भरून वाहिल्याची बातमी दर पावसाळ्यात चार ओळींत येते आणि कोणी दारात येऊन सांगत नाही. हमीरसरच्या पायऱ्या किती बुडाल्या हे जाणणाऱ्या घरात विहारची पातळी माहीत नसते. ज्या लोकांना थेंबाची किंमत आजोबांपासून ठाऊक आहे, त्यांनी आमच्या सोसायट्यांत हा डोळा उघडा ठेवला असता तर गच्चीवरचं पाणी गटारात जाऊ देणं इतकं सहज झालं नसतं.

आणि मिठागरं. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची मिठागरं पाहिली की मला छोट्या रणातले मीठ पिकवणारे अगरिया आठवतात. तेच पांढरे चौकोन, तीच खारी हवा. २०२४ मध्ये या पट्ट्यातली सुमारे २५६ एकर मिठागर जमीन धारावीच्या पुनर्वसनाच्या घरांसाठी घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने केला. झोपडीत राहणाऱ्याला पक्कं घर मिळालंच पाहिजे. त्याला विरोध करणारी मी कोण? पण भरतीचं आणि पावसाचं पाणी पसरायची ही शेवटची मोकळी जागा आहे. तिच्या पलीकडच्या ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात इथे उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांची वीण गुजरातेत, कच्छच्या रणात होते. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला दुबईहून येणाऱ्या विमानाच्या धडकेने त्यांतले चाळीसच्या आसपास मेले. सकाळी लोकांना ते गल्लीत, मोकळ्या जागेत विखुरलेले सापडले. रणाला पडीक म्हणतात म्हणून खावड्याला ३० हजार मेगावॅटचा ऊर्जाप्रकल्प उभा राहतो. त्या विजेची देशाला गरज आहे, हेही खरं. मिठागराला रिकामं म्हणतात म्हणून त्यावर इमारती आखल्या जातात. दोन्हीकडची जमीन रिकामी नाही हे ओळखायला ज्याने वाळवंटात बालपण काढलं आहे त्याच्याइतका लायक माणूस दुसरा कोण?

मागणी फार मोठी नाही. भुज नगरपालिकेने हमीरसरच्या पाणलोटाचा आणि आवेचा नकाशा विकास आराखड्यात बंधनकारक करावा, आणि दर वर्षी आषाढी बीजेच्या, म्हणजे कच्छी नववर्षाच्या, आधी आव मोकळी केली का, हे जाहीर करावं. मुलुंड-घाटकोपरच्या कच्छी मंडळांनी पुढच्या एखाद्या कमानीचा पैसा त्या साफसफाईला आणि जुन्या माणसांच्या आठवणी नकाशावर नोंदवायला द्यावा. त्यातली बरीच माणसं आता थकली आहेत, वेळ थोडा आहे. आणि मिठागरांवर बांधकाम करायचं असेल तर भरतीच्या आणि पावसाच्या पाण्याने जायचं कुठून, याचा आराखडा महापालिकेने आधी लोकांसमोर ठेवावा. तो मागायला वॉर्ड ऑफिसात जायचं झालं तर मासी माझ्याबरोबर यायला तयार आहेत.