लस टोचली, आता काळजी कसली?

"आम्ही लस टोचून घेतली आहे, आम्हाला काय होणार?" असे म्हणत फराळाला आलेली मंडळी खोकत खोकत आजीच्या शेजारी जाऊन बसतात. हे वाक्य मी इतक्या घरी ऐकले आहे, की यंदा त्याचाच समाचार घ्यावा म्हणतो.

वाचकहो, लस म्हणजे दारावरचा पहारेकरी समजा. चोर एखादे वेळी कुंपण ओलांडतोच. पण पहारेकरी जागा असला, तर तिजोरीपर्यंत पोहोचत नाही. तसाच विषाणू नाकाघशात शिरू शकतो, तिथून दुसऱ्यालाही लागू शकतो. फुप्फुसापर्यंत जाणे मात्र त्याला अवघड होते. २०२१ साली करोनाच्या दोन-दोन मात्रा घेतलेली माणसेही आजारी पडली, तेव्हा लोक म्हणाले, "लस फुकट गेली!" फुकट मुळीच गेली नाही. बहुतेकांचे दुखणे घरच्या अंथरुणावरच निभावले; इस्पितळाची आणि जीव जाण्याची भीती पुष्कळ कमी झाली.

हा पहारेकरी कामावर रुजू व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. पुढे काही महिन्यांनी तो पेंगू लागतो, आणि विषाणूही वेष पालटतो. म्हणून तर फ्लूची लस दर वर्षी नव्याने घ्यावी लागते.

इंजेक्शननंतर एक-दोन दिवस अंग दुखले, कणकण आली, तर घाबरू नये. पण खोकला, सर्दी, घसादुखी सुरू झाली, तर "लसीचा ताप आहे" म्हणून गप्प बसू नये. ती लक्षणे त्या इंजेक्शनची नव्हेत. डॉक्टरांना दाखवावे.

घरात म्हातारे माणूस, तान्हे मूल किंवा कर्करोगाचे उपचार घेणारे कोणी असेल, तर अधिक जपावे. अशा काहींच्या अंगी लस पुरती लागू होत नाही. त्यांचे रक्षण आपल्याच हाती असते. फटाक्यांचा धूर विरला की खिडक्या उघडाव्यात. खोकला आला तर तोंडाशी रुमाल धरावा, हात साबणाने धुवावेत, आजारी माणसाजवळ जाताना मुखपट्टी बांधावी.

आणि स्वतःलाच ताप असेल, तर फराळाचा डबा दुसऱ्याच्या हाती पाठवावा, आजीला टेलिफोनवरून नमस्कार करावा. भाऊबीज आठ दिवसांनी साजरी केली, म्हणून ओवाळणी काही कमी होत नाही!