पुरस्कार विकत घेण्यापेक्षा बातमीदाराला फोन करा



घरगुती उद्योग करणाऱ्या आपल्या बायकांना हल्ली एक फोन हमखास येतो. "ताई, उद्योगिनी पुरस्कारासाठी तुमची निवड झालीय." अभिनंदन वगैरे झालं की हळूच कळतं, फेटा, ट्रॉफी आणि पुरवणीतल्या फोटोसाठी 'सहयोग राशी' भरायची आहे. मला सांगितलेला आकडा पंधरा हजार होता. कागल पंचतारांकितमधल्या माझ्या चटणी-मसाल्याच्या छोट्या शेडमध्ये तेवढ्यात किती मिरची येते, याचा हिशोब मनात झाला आणि मी नको म्हटलं. पण आपल्यातल्या कितीजणी नवऱ्याला न सांगता भिशीचे पैसे तिकडे देतात! तो फोटो एक दिवस सगळ्या ग्रुपवर फिरतो. ऑर्डर एकही येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. प्रसिद्धी हवीच, पण ती ओळखीतून आणि खऱ्या बातमीतून मिळवावी.

आमच्या वसाहतीत किर्लोस्करांचा ऑइल इंजिनचा मोठा कारखाना आहे. त्याच घराण्याने १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' काढलं, ते आपल्या मालाची माहिती लोकांपर्यंत जावी म्हणूनच. पण संपादक शंकरराव किर्लोस्करांनी नुसतं 'आमचा नांगर घ्या' म्हटलं नाही, लोकांना वाचावंसं वाटेल असं दिलं. त्यातूनच पुढे १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं. आपल्याकडे छापखाना नाही, पण वाचणाऱ्याला काहीतरी द्यावं, ही रीत आपल्यालाही परवडते.

आता बघा, उन्हाळा लागला की मिरचीच्या दराची बातमी स्थानिक पेपरात येतेच. ती लिहिणाऱ्या बातमीदाराला संकेश्वरी का महागली, ब्याडगीला रंग जास्त आणि तिखटपणा कमी का, हे सांगणारं कुणीतरी हवं असतं. ते आपण सांगावं. आधी महिनाभर पेपर नीट वाचा, कागल तालुक्याच्या बातम्या कोण लिहितं ते नाव टिपून ठेवा. फोन दुपारच्या आत करा, संध्याकाळी त्यांची पानं लावायची गडबड असते. दादा म्हणा, सर म्हणा, पण पहिल्याच फोनवर "आमची बातमी लावा" म्हणू नका. दर सांगा, माहिती द्या, फोन ठेवा. दिवाळीचा बॉक्स द्यायचा तर सगळ्यांना देता तेवढाच द्या. (आणि तो जाहिरातही मागेल, कारण तालुक्याच्या बातमीदाराला पुष्कळदा जाहिरातीही आणाव्या लागतात. जमत नसेल तर हसून नाही म्हणा, राग धरू नका.)

'प्रगति आणि जिनविजय'मध्ये नाव आलं की आपल्याला धन्य वाटतं. वाटावंच, ते आपल्या दक्षिण भारत जैन सभेचं आहे. पण कारखान्याच्या कॅन्टीनची ऑर्डर देणारा माणूस तो अंक वाचत नाही.

कोल्हापूर म्हणजे कांदा-लसूण मसाला. तिथे कांदा-लसणाशिवायची चटणी विकणारी बाई, ही बातमी आहेच. पर्युषणाच्या आधी पंधरा दिवस ती सांगितली तर बातमीदार ऐकून घेतो. मात्र इथे जपायला हवं. तुमची मिरची बाहेरच्या कांडपावर जाते का? तिथे आधीच्या गिऱ्हाईकाचा लसूण कुटलेला असतो. मग पाकिटावर 'शुद्ध जैन' आणि पेपरात त्याचीच बातमी, हे असत्यच झालं. शिवाय एखादी व्रती आजी त्या बातमीवर विश्वास ठेवून ते पाकीट घेणार. यंत्र स्वतंत्र नसेल तर बातमीदाराला तसंच सांगा, किंवा यंत्र येईपर्यंत थांबा. मी दीड वर्ष थांबले.

आणि उद्या तुमच्या मालाबद्दल तक्रार आली, तर तोच बातमीदार छापण्याआधी तुम्हाला विचारेल. तेव्हा फोन उचला.