मोठ्या दुर्बिणीला डोळा लावू द्या
सार्वजनिक वेधशाळांच्या दारात उभ्या असलेल्या हौशी आकाशनिरीक्षकांचा जाहीरनामा

आम्ही हौशी आकाशनिरीक्षक आहोत. आमच्यात शाळेतल्या शिक्षिका आहेत, एसटीचे वाहक आहेत, बँकेतून निवृत्त झालेली माणसे आहेत, इंजिनिअरिंगची मुले आहेत आणि रात्री लाइट येते म्हणून रात्रीच पिकाला पाणी देणारे शेतकरीही आहेत. आमच्या दुर्बिणी सहा इंची, आठ इंची, फार तर बारा इंची. काहींनी आरसे स्वतः घासले आहेत. अमावस्येच्या आसपासचा शनिवार आला की आम्ही शहराच्या दिव्यांपासून लांब एखाद्या माळावर जातो आणि येईल त्याला आकाश दाखवतो.

आज आम्ही एक मागणी जाहीरपणे मांडत आहोत. जनतेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या मोठ्या दुर्बिणींचा थोडा वेळ जनतेच्या डोळ्यांसाठी आणि हौशी निरीक्षकांच्या कामासाठी राखून ठेवा.

१. ही मागणी का

शौरी तारकासमूहातला एम-१३ हा तारकागुच्छ घ्या. आठ इंची दुर्बिणीतून त्याच्या कडेचे तारे सुटे दिसतात, गाभा मात्र धुरकटच राहतो. पाहणारा नजर थोडी तिरकी करतो, श्वास रोखतो, आणखी दोन-चार तारे सुटतात. तोवर रांगेतला पुढचा माणूस हलकेच खांद्याला हात लावतो. त्या गाभ्यात शिरायचे तर प्रकाश जास्त हवा, आणि त्यासाठी आरसा मोठा हवा. २ मीटरचा आरसा आठ इंची आरशाच्या सुमारे शंभर पट प्रकाश गोळा करतो.

असा आरसा पुणे जिल्ह्यातच आहे. जुन्नर-घोडेगाव परिसरात गिरवलीच्या डोंगरावर आयुका या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटरची दुर्बीण २००६ साली सुरू झाली. तमिळनाडूत कावलूरला २.३४ मीटरची वेणू बाप्पू दुर्बीण १९८६ पासून आहे आणि तिचा आरसा आपल्याच देशात घासला गेला. लडाखमध्ये हानले येथे सुमारे ४५०० मीटर उंचीवर २ मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. उत्तराखंडात देवस्थळला २०१६ साली ३.६ मीटरची दुर्बीण आली. या सगळ्या दुर्बिणींचा आम्हाला अभिमान आहे, त्या उभ्या करणाऱ्या शास्त्रज्ञांविषयी आदर आहे. म्हणूनच त्यांच्याशी आमचे नाते वर्तमानपत्रातल्या फोटोपुरते राहू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

राज्यघटनेच्या कलम ५१-क ने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. कर्तव्य सांगितले, तर त्याची साधनेही हाताशी हवीत. आकाशाच्या बाबतीत सगळ्यांत मोठे साधन घुमटाच्या आत आहे.

२. हे जगात झाले आहे, आपल्याकडेही झाले आहे

कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरची १०० इंची दुर्बीण १९१७ सालची. एडविन हबल यांनी याच दुर्बिणीच्या साहाय्याने देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे दाखवले. आज त्या दुर्बिणीला आयपीस लावून सामान्य लोक आकाश पाहतात. तिच्या शेजारच्या, १९०८ सालच्या ६० इंची दुर्बिणीतून एकदा ग्रिफिथ जे. ग्रिफिथ या धनिकाने पाहिले आणि लॉस एंजेलिसच्या लोकांसाठी मोफत वेधशाळा उभारायला पैसे ठेवले. टेक्सासच्या मॅक्डोनाल्ड वेधशाळेने आपल्या ८२ इंची दुर्बिणीला आयपीस लावून लोकांसाठी खास रात्री ठेवल्या. ८२ इंच म्हणजे २.१ मीटर, गिरवलीपेक्षा किंचित मोठीच.

केवळ पाहण्यापुरते नाही, कामासाठीही वेळ दिला गेला आहे. हबल अवकाश दुर्बीण उडण्याच्याही आधी, १९८६ साली, तिच्या विज्ञान संस्थेचे संचालक रिकार्डो जिआकोनी यांनी आपल्या अखत्यारीतल्या वेळेतला काही वाटा हौशी निरीक्षकांना देण्याचे जाहीर केले. पुढे अर्ज मागवले गेले, छाननी झाली आणि निवडलेल्या हौशी मंडळींनी हबलकडून खरोखरच निरीक्षणे करून घेतली.

आता एक गोष्ट महाराष्ट्राने नीट ऐकावी. गिरवलीची दुर्बीण इंग्लंडमधल्या ज्या कंपनीने बनवली, तिनेच २ मीटरच्या आणखी तीन दुर्बिणी बनवल्या. त्यांपैकी दोन फॉक्स दुर्बिणी, एक हवाईत आणि एक ऑस्ट्रेलियात, शाळकरी मुलांना दुरून चालवता याव्यात याच हेतूने उभारल्या गेल्या. तिसरी, ला पाल्मा बेटावरची लिव्हरपूल दुर्बीण, आपल्या वेळेचा काही भाग ब्रिटनमधल्या शाळांसाठी राखून ठेवते. एकाच कारखान्यातून निघालेल्या या चार बहिणी आहेत. जे वेल्समधल्या शाळेतल्या मुलीला मिळते, ते आंबेगावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलीला मिळावे, एवढेच आम्ही म्हणतो.

हौशी माणसाच्या हाती चांगले यंत्र दिले तर काय होते, याचा दाखला आपल्याच उपखंडात आहे. जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र रात्री रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी घेत. त्यांचे काम पाहून या ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या संघटनेकडून १९२६ साली त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवण्यात आली. त्यांनी आयुष्यभरात ३७ हजारांहून अधिक नोंदी केल्या. पुढे ती दुर्बीण खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे आली आणि कावलूरला पोहोचली. सातासमुद्रापलीकडच्या लोकांनी एका अनोळखी कारकुनावर एवढा विश्वास टाकला. आपल्या संस्थांनी आपल्याच नागरिकांवर तो टाकावा.

३. वेधशाळांचेही यात हित आहे

पुण्याच्या सायन्स कॉलेजच्या आवारात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली होती. तिथली २० इंची ग्रब दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. १९१२ साली प्राध्यापक निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या जिवावर चाललेली वेधशाळा त्या माणसाबरोबर संपते. जिच्यामागे हजारो लोक उभे असतात, ती टिकते. माउंट विल्सनची १०० इंची दुर्बीण १९८५ साली बंद करण्यात आली होती. ती पुन्हा सुरू झाली आणि आज लोकांच्या ओढीवर उभी आहे.

दुसरे हित काळोखाचे. गावोगावी एलईडीचे झोत लागत आहेत, महामार्ग रुंदावत आहेत आणि दुर्बिणींभोवतीचे आकाश वर्षागणिक उजळत आहे. दिवे खाली वळवा, हे ग्रामपंचायतीला कोण सांगणार? ज्याने त्या दुर्बिणीतून पाहिले आहे, तोच हे पोटतिडकीने सांगेल. हानलेने ही वाट दाखवली आहे. तिथे २०२२ साली काळोखी आकाशाचे राखीव क्षेत्र जाहीर झाले, गावातल्या तरुण-तरुणींना प्रशिक्षण आणि दुर्बिणी दिल्या गेल्या, आणि आता गावकरीच आपला काळोख राखतात.

दारे उघडल्याने संशोधन बुडत नाही, हे खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने कधीच सिद्ध केले आहे. तिथे विज्ञान दिनाला शाळांच्या गाड्यांची रीघ लागते, आसपासच्या गावांतली माणसे लेकराबाळांसह येतात आणि शास्त्रज्ञ उभ्याउभ्या त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. जे रेडिओ दुर्बिणीला जमले, ते प्रकाशीय दुर्बिणीलाही जमेल.

४. आक्षेप आणि आमची उत्तरे

संशोधनाचा वेळ वाया जाईल, असे म्हटले जाते. त्यासाठी आम्ही पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री मागतो. तेव्हा चांदण्यामुळे अंधूक दीर्घिकांचे काम तसेही अडते. ग्रह, जोडतारे आणि तेजस्वी तारकागुच्छ मात्र चांगले दिसतात. शिवाय सूर्यास्तानंतर पूर्ण काळोख व्हायला आपल्याकडे सुमारे सव्वा तास लागतो. त्या संधिप्रकाशात गुरू, शनी आणि चंद्र खुशाल पाहता येतात.

आजच्या दुर्बिणी कॅमेऱ्यासाठी बांधलेल्या आहेत, त्यांना आयपीस लावणे सोपे नाही, हा दुसरा आक्षेप. तो खरा आहे. उपकरण उतरवणे आणि चढवणे हे जोखमीचे काम आहे. जिथे ते शक्य नाही, तिथे नुकतेच टिपलेले चित्र लोकांसमोर पडद्यावर उलगडू द्या. हानलेची दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवली जाते. मग त्याच वाटेने तिचे चित्र गडचिरोलीच्या आश्रमशाळेतही पोहोचू शकते.

मोठ्या दुर्बिणीतून लोकांची निराशा होईल, अशीही शंका असते. त्यावर आम्ही लोकांना आधीच खरे सांगू. २ मीटरच्या आरशाचा सगळा प्रकाश डोळ्याच्या ७ मिलिमीटरच्या बाहुलीत मावायला निदान २८५ पट वर्धन लागते. म्हणजे अख्खा चंद्र एका वेळी दिसणार नाही, देवयानी दीर्घिकाही मावणार नाही. पण स्वरमंडलातला कंकणाकृती तेजोमेघ रंगाची छटा दाखवील आणि एम-१३ चा गाभा ताऱ्या-ताऱ्यांनी सुटेल. जे छोट्या दुर्बिणीला जमत नाही, नेमके तेच पाहण्यासाठी आम्हाला मोठी हवी आहे.

५. आमच्या मागण्या

एक: सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या, १ मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक प्रकाशीय दुर्बिणीने निरीक्षणाच्या हंगामात दर महिन्याला चांदण्याची एक रात्र नागरिकांसाठी ठेवावी. आणि वर्षातून एक, फक्त एक, अमावस्येची रात्र.

दोन: वर्षातल्या निरीक्षणवेळेचा एक टक्का हौशी निरीक्षकांच्या प्रस्तावांना मिळावा. छाननी शास्त्रज्ञांनीच करावी आणि ती कडक असावी. पदवी विचारू नये, प्रश्न तपासावा.

तीन: यापुढे जी दुर्बीण बांधली जाईल, तिच्या आराखड्यात डोळ्याने पाहण्याची सोय पहिल्यापासून असावी.

चार: जागा सोडतीने द्याव्यात. शिफारशीची चिठ्ठी चालू नये. पहिला मान दुर्बिणीच्या पायथ्याच्या गावांचा, त्यानंतर सरकारी शाळांचा. विद्यार्थ्यांकडून शुल्क घेऊ नये.

पाच: मार्गदर्शन त्या त्या भागाच्या भाषेत व्हावे. गिरवलीला मराठीत, कावलूरला तमिळमध्ये, हानलेला लडाखीत.

सहा: ज्यांना जिना चढता येत नाही, खाली वाकता येत नाही, त्यांच्यासाठी पडद्याची सोय प्रत्येक ठिकाणी असावी.

६. आमची हमी

आम्ही रिकाम्या हातांनी मागत नाही. प्रत्येक रात्रीसाठी प्रशिक्षित स्वयंसेवक आम्ही देऊ. माणसांच्या अंगच्या उष्णतेनेही घुमटातली हवा ढवळते आणि तारे थरथरतात, म्हणून एका वेळी मोजकीच माणसे आत सोडू. मोबाइल बाहेर राहतील, दिवा फक्त लाल असेल. यंत्राला हात लावण्याचा अधिकार वेधशाळेच्या तंत्रज्ञाचाच राहील.

आमच्या रात्री एखादा अतिनवतारा उजळला किंवा गॅमा किरणांचा स्फोट झाला, तर आम्ही त्या क्षणी दुर्बीण सोडू आणि संशोधकाला वाट देऊ. हौशी प्रस्तावातून मिळालेली प्रत्येक नोंद खुली ठेवू. ज्या दुर्बिणीतून पाहू, तिच्या भोवतालचा काळोख राखायला गावसभेत उभे राहू.

७. आता काय करायचे

महाराष्ट्रात ही हौस नवी नाही. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे. मुंबईत आणि इतर शहरांत मंडळांनी वर्षानुवर्षे माळरानावर लोकांच्या रांगा लावल्या आहेत. ही सगळी ताकद एका मागणीमागे उभी करायची वेळ आली आहे.

प्रत्येक मंडळाने आपल्या सर्वांत जवळच्या मोठ्या दुर्बिणीच्या संस्थेकडे एक लेखी प्रस्ताव पाठवावा. त्यात तारीख असावी, पाहायच्या वस्तूंची यादी असावी, स्वयंसेवकांची नावे असावीत आणि पाऊस-ढगांसाठी पर्यायी रात्रही असावी. सोबत निदान एक संशोधन-प्रश्न जोडावा, जो आमच्या छोट्या दुर्बिणींनी वर्षभर पाठपुरावा करून तयार केलेला असेल. शिक्षकांनी आपल्या शाळेचे नाव द्यावे. दुर्बिणीच्या गावांतल्या ग्रामपंचायतींनी ठराव करावेत. संस्थांमधल्या ज्या शास्त्रज्ञांना हे पटते, त्यांनी आतून आवाज द्यावा. आमची खात्री आहे की असे शास्त्रज्ञ पुष्कळ आहेत, कारण त्यांच्यातलेही कितीतरी जण लहानपणी एखाद्या हौशी माणसाच्या दुर्बिणीपाशी रांगेत उभे होते.

पावसाळा सरून आकाश निवळले की पहिले प्रस्ताव जातील. नकार आला तर कारण विचारू, अडचण दूर करू आणि पुढच्या हंगामात पुन्हा अर्ज करू. हे पटत असेल तर या जाहीरनाम्यावर सही करा आणि आपल्या मंडळाचा प्रस्ताव लिहायला घ्या.